जिभेखालचा बांध

अंबुनाथ महाराज त्या काळी सोनवेलला होते. मिरजेहून बैलगाडीने निघालं की दिवसभरात पोचावं असं ते पानमळ्यांचं गाव. महाराज तिथे कुठून आले आणि कधी आले, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. पाटाच्या काठी एक उंबर होता, त्याखाली ते बसले आणि बसलेच. ऊन असो, थंडी असो, छपराखाली म्हणून कधी जायचे नाहीत. गावकऱ्यांनी देवळातली ओवरी झाडूनपुसून दिली, तर महाराज हसले आणि म्हणाले, "ओवरी पाहुण्यांना द्या. मी काही पाहुणा नाही."

अशा माणसाला कुणी संत म्हणावं आणि कुणी वेडा म्हणावं, हे जगाच्या रीतीला धरूनच झालं. सोनवेलमध्ये वेडा म्हणणारे जरा जास्त होते.

संत म्हणणाऱ्यांत एक होती भिवरा. दौलू पानमळेकऱ्याची बायको, वयानं लहान, आईबापावेगळी. रोज सकाळी ती महाराजांसाठी भाकरी घेऊन जायची आणि पाटाच्या पाण्याशी बसून त्यांच्याकडे नुसती बघत राहायची. मागायची काही नाही. दौलूचाही महाराजांवर जीव होता, पण तो बोलायचा कमी. त्याच्या जिभेला 'र' वळत नसे. तो महाराजांना 'महालाज' म्हणायचा आणि पारावरची माणसं त्याला मुद्दाम बोलायला लावून हसायची. म्हणून त्यानं मळ्यातल्या वेलींशीच बोलणं पत्करलं होतं.

घरात चालायचं ते हौसाआत्यांचं. या दौलूच्या बापाची थोरली बहीण. लग्न होऊन गेल्या आणि थोड्याच वर्षांत माहेरी परत आल्या, त्या पुन्हा सासरी गेल्या नाहीत. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. दौलूचे आईबाप गेल्यावर घर आत्यांनीच उभं ठेवलं. शिवाय गावातल्या बाळंतपणांचा मान त्यांचा. अर्धं गाव त्यांच्या हातांत जन्मलेलं, आणि हे त्या गावाला विसरू देत नसत. भिवरा भाकरी घेऊन निघाली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं! त्या गोसावड्याला पोसाया आपला मळा काय सोन्याची पानं देतोय?"

भिवरा मान खाली घालून ऐकायची, आणि भाकरी घेऊन जायचीच.

तिला सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. महाराजांनी अर्धी भाकरी कावळ्यांना घातली, अर्धी खाल्ली, आणि पाण्याकडे बघत एकाएकी म्हणाले, "भिवरा, बाळ भुकेलं येईल गं. फार भुकेलं येईल. पण धीर सोडू नकोस. मी येईन."

तिला बरं वाटलं, आणि कुठेतरी चर्रही झालं. तिनं घरी येऊन आत्यांना सांगितलं. ही तिची चूक म्हणायची.

"भुकेलं येनार?" आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग काय जेवून येनार हाय? समद्यांचीच पोरं भुकेली येत्यात गं बाई! लई अंतर्ज्ञानी तुझा बुवा! आन म्हनं मी येईन. आजवर कुनाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंय का त्यानं?"

शेजारणी खोखो हसल्या. भिवरालाही क्षणभर हसू आलं, इतकं ते बोलणं चोख होतं.

माहेर नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आत्यांच्या हातून सुखरूप सुटका झाली, मुलगा झाला. आत्यांनी बाळाला मध चाटवला, शेगडी पेटवली, बाळंतिणीची खोली बंद केली आणि दारात कडुनिंबाचा डहाळा लावला. सगळं रीतीप्रमाणे झालं. भिवरानं बाळाला छातीशी घेतलं.

बाळानं तोंड उघडलं, अधाशासारखं ओढलं, आणि 'टक्' असा आवाज होऊन तोंड सुटलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा दोन-तीनदा ओढणं, पुन्हा तो 'टक्' आवाज, पुन्हा तोंड बाजूला. बाळ रडलं. आत्या म्हणाल्या, "नवं हाय, शिकंल." भिवरानंही तेच मनाशी घोकलं.

पण ते शिकेना. दिवस उजाडायचा तसा मावळायचा, आणि बाळ सगळा वेळ अंगावर लटकलेलं असूनही उपाशी. ओढून ओढून दमायचं आणि भुकेलंच झोपायचं, घटकाभरात पुन्हा टाहो. ओठांनी धरता येईना, म्हणून हिरड्यांनी चावायचं. भिवराला चिरा पडल्या, त्यांतून रक्त यायला लागलं. बाळ जवळ आणलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि तसा काटा आला म्हणून तिला स्वतःची लाज वाटायची. दूध नव्हतं म्हणावं तर छाती दगडासारखी भरलेली, चोळी भिजून चिंब. आईचं दूध वाहून जात होतं आणि पोर तिच्याच मांडीवर वाळत होतं.

बायका बघायला यायच्या, आणि येणारी प्रत्येक जण दुखण्याला नवं नाव ठेवून जायची. एक म्हणाली नजर लागली. दुसरी म्हणाली टाळू पडली, हा बघा टाळूला खड्डा. तिसरीनं सांगितलं की पोराची जीभ जड आहे, हे मुकंच निघणार. "बापावर गेलं असंल, तोतरं हुईल," असंही कुणीतरी दाराबाहेर पुटपुटलं. भिवरा आतून सगळं ऐकायची. मुकं, तोतरं, जड, पडकं. लेकराला अजून नाव ठेवलेलं नव्हतं आणि गावानं ही इतकी नावं ठेवून टाकली होती.

मग आत्यांनी वाटी आणली.

त्या भागात एक रीत होती. बाळ अंगावर पीत नसलं की आईचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी वर आली तर दूध चांगलं. मेली तर दूध बाधलेलं. आत्यांनी चार बायकांसमोर मुंगी सोडली. मुंगीनं पाय झाडले, गोल गोल फिरली आणि थांबली.

एकीनं आपलं पोर उचलून पदराखाली घेतलं. आत्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. त्यांनी वाटी पदरानं झाकली आणि परसात नेऊन ओतली. परत आल्या तेव्हा आवाज नेहमीसारखा कडक होता.

"आजपास्नं त्याला अंगावर घ्यायचं न्हाई. तुझं दूध पोराला इख हाय."

भिवराला वाटलं, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं. तिनं बाळाकडं पाहिलं. ते तोंड उघडून, मान इकडून तिकडे वळवून तिलाच शोधत होतं.

शेळीचं दूध आणलं, कापसाचा बोळा केला. बोळ्यातलं दूध बाळाच्या तोंडात पडलं, पण आत जाईना. जीभ ते मागे लोटेचना. निम्मं ओठांच्या कडेनं बाहेर यायचं, निम्मं घशात चुकीच्या वाटेनं जाऊन ठसका लागायचा. एकदा बाळ निळं पडलं. आत्यांनी पालथं घालून पाठ थोपटली, तेव्हा कुठे श्वास आला. त्यानंतर भिवरा बोळा हातात घ्यायलाही भ्यायला लागली.

"ह्यांना म्हनावं, महाराजांना बोलवा," ती म्हणाली.

"सोयरात? बाळंतिनीच्या खोलीत? गोसावी?" आत्या ओरडल्या. "अगं, मी काय बोळ्यानं दूध पिते व्हय, म्हनून तुझं हे ऐकून घेऊ?" आणि हातातल्या बोळ्याकडे लक्ष जाताच त्या गप्प झाल्या.

दौलूनं मात्र दाराआडून ऐकलं होतं. तो तसाच पाटाकडे धावला. उंबराखाली कुणी नव्हतं. घोंगडी होती, काठी होती, महाराज नव्हते. तो पारावर गेला. "महालाज कुठं हायती?" त्यानं विचारलं. नेहमीची टोळी बसली होती. एकानं त्याचीच नक्कल केली, "महालाज लानात गेले, लानात!" सगळे हसले. दौलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वळला आणि शेजारच्या गावाकडे चालायला लागला. रस्त्यानं भेटेल त्याला विचारत गेला. जन्मात बोलला नसेल इतका तो त्या दिवशी बोलला.

इकडे दुपार झाली. बाळाचं रडणं थांबलं होतं. रडत होतं तोवर भिवराला रडण्याचं भय वाटत होतं. आता शांततेचं वाटायला लागलं. लंगोट सकाळपासून कोरडा होता. डोक्यावरची टाळू बोट बुडेल इतकी खोल गेली होती. ओठ सुकून पांढरे झाले होते. तिनं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास लागत होता. थोड्या वेळानं पुन्हा धरला.

आत्या दाभण घेऊन आल्या. मागून शेजारीण बिब्बा घेऊन आली.

"पोटाला डाग दिल्याबिगर हे उठायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी दाभण मुठीत घट्ट धरली होती. "धर त्याचे पाय."

"न्हाई आत्याबाई!" भिवरानं बाळाला पोटाशी ओढलं. "महाराज येनार हायती. त्यांनी सांगितलंय. थोडा येळ थांबा, तुमच्या पाया पडते."

"येनार, येनार! पोर मातीत गेल्यावर येनार! सोड त्याला. अंगात जीव हाय तवर काय करायचं ते करू दे मला."

हे त्या रागानं बोलल्या, पण त्यांचाही आवाज फाटला होता. भक्तजनहो, आत्या दुष्ट नव्हत्या. त्यांना पोर वाचवायचंच होतं, आणि त्यांना ठाऊक होता तो एवढाच उपाय होता.

त्यांनी दाभण शेगडीत खुपसली. निखारे लालभडक फुलले होते. दाभण बाहेर काढली, पाण्याचा थेंब सोडला. चर्र व्हायला हवं होतं. थेंब तसाच ओघळला. आत्यांनी भुवया आकसल्या, निखारे फुंकले आणि दाभण पुन्हा खुपसली, या वेळी चांगली खोल. बाहेर काढून बिब्ब्याला टेकवली. बिब्ब्यातून तेल सुटेना. शेजारीण एक पाऊल मागे सरली. आत्यांनी न राहवून दाभणीच्या टोकाला बोट लावलं.

ती विहिरीच्या तळातून काढल्यासारखी गार होती.

"कोळसा दमट असंल," आत्या म्हणाल्या. पण शेगडीची धग त्यांच्या तोंडावर येत होती, आणि तोंड घामानं डबडबलं होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आत येऊ का गं, भिवरा?"

कडुनिंबाचा डहाळा बाजूला करून अंबुनाथ महाराज उभे होते. पाय धुळीनं भरलेले. भिवरानं मान हलवली, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू एकदम बाहेर आलं.

आत्या आडव्या आल्या. "सोयर हाय. इटाळ हुईल. आन तुम्ही तर छपराखाली येत न्हाई म्हंत्यात."

"येत नाही," महाराज म्हणाले. "आज येतो." आणि ते उंबरा ओलांडून आत आले. सोनवेलनं हे याआधी पाहिलं नव्हतं, आणि यानंतरही पाहिलं नाही.

महाराजांनी कढत पाणी मागून घेतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. खिडकी उघडायला लावली. मग लाकडी पाटावर बसून बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं डोकं आपल्या पोटाशी आणि पाय भिवराकडे करून. त्यांनी करंगळी बाळाच्या ओठांवर टेकवली. बाळानं क्षीणपणे ओढायचा प्रयत्न केला. पुन्हा तोच 'टक्' आवाज झाला.

"ऐकलंत, आत्या?"

"रोजच ऐकतीय."

"मग इकडे या आणि बघा."

महाराजांनी दोन बोटांनी बाळाची जीभ हळूच वर उचलायला घेतली. जीभ उचललीच जाईना. तिच्या खाली मधोमध एक पांढुरका पातळ पडदा होता. तो पार टोकाजवळून निघून खालच्या हिरडीशी गेलेला आणि जिभेला खाली ओढून धरणारा. बाळ कण्हलं तशी जिभेच्या टोकाला मधेच खाच पडली, नागवेलीच्या पानाला देठाशी असते तशी.

"ही दोरी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या जिभेखाली असते," महाराज म्हणाले. "जीभ उलटी घशात जाऊ नये, म्हणून दिलीय देवानं. लांब आणि सैल असली तर तिची आठवणही होत नाही. याची आखूड आहे, आणि टोकाशी आहे. हा जिभेचा बांध. दूध ओढायला जीभ पुढे यावी लागते, आईला खालून धरून ठेवावी लागते. याची दारापर्यंतही पोचत नाही. दमून पडेल नाही तर काय करील?"

आत्या वाकून बघत राहिल्या. इतक्या बाळांना त्यांनी न्हाऊमाखू घातलं होतं, पण जिभेखाली त्या कधी डोकावल्या नव्हत्या. सोनवेलमध्ये कुणीच डोकावलं नव्हतं. आईच्या दुधाची परीक्षा झाली, तिच्या नशिबाची झाली, तिच्या बुवाची झाली. बाळाचं तोंड उघडून बघायचं काय ते राहून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!

महाराजांनी डोळे मिटले. "विठ्ठला," म्हणाले, "लेकरू तुझंच आहे." आणि करंगळी बाळाच्या जिभेखालून एकदा फिरवली.

पुढे लोकांनी यावर पुष्कळ वाद घातला. कुणी म्हणे महाराजांनी नखानं पडदा छेदला. भिवरा सर्वांत जवळ होती. ती म्हातारपणापर्यंत एकच सांगत राहिली, "त्यांच्या बोटाला नख न्हवतंच. मी बघितलं. बोट फिरलं आन बांध सुटला."

रक्ताचा एक थेंब आला. बाळ रडलं. कण्हणं नव्हे, चांगलं खणखणीत रडलं आणि रडताना त्याची जीभ टाळूपर्यंत वर उठली.

"घे, लाव छातीला. लगेच," महाराज म्हणाले आणि तोंड भिंतीकडे करून बसले.

पुन्हा तसंच झालं तर? पुन्हा तो आवाज आला तर? भिवरानं बाळाला जवळ घेतलं आणि दुखणार म्हणून दात आवळले. बाळानं तोंड उघडलं, धरलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. ती वाट बघत राहिली. तोंड सुटलं नाही, आणि दुखलंही नाही. मग तिच्या कानावर बाळाच्या घशातून 'घुटुक्' असा आवाज आला, त्यामागून आणखी एक, आणि मग ते सारखेच यायला लागले. बाळाची मूठ इतके दिवस आवळलेली होती. ती पिता पिता सैल पडली. भिवरा हसत होती की रडत होती, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

त्याच वेळी दौलू परतला. घामाघूम, धुळीनं माखलेला, निराश. घरात महाराजांना बघून तो दारातच थबकला. मग त्याला बाळाचा पिण्याचा आवाज ऐकू आला, आणि त्यानं हात जोडले.

"दौलू, जीभ काढ रे बाहेर," महाराज म्हणाले.

दौलू लाजला. आयुष्यभर ज्या जिभेपायी हसं झालं, ती आता चार बायकांपुढे दाखवायची! पण महाराजांचा शब्द. त्यानं जीभ काढली. ती ओठांपर्यंत जेमतेम आली, आणि तिच्या टोकाला तीच खाच होती.

"घराण्यात चालत आलेलं आहे हे. कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही," महाराज म्हणाले.

"मग ह्यो माझ्यासालखा बोबडा हुनाल, महालाज?"

"होईलच असं नाही. आणि बोबडा म्हणजे मुका नव्हे, दौलू. मुक्याला आवाजच फुटत नाही. तोतऱ्याचा शब्द दारात अडतो. बोबड्याचं एखादं अक्षर घसरतं, एवढंच. तीन दुखणी वेगळी, आणि तुमचं गाव तिन्हींना एकाच गोठ्यात बांधतं. टाळूला खड्डा पडला तो अंगातलं पाणी कमी झालं म्हणून. पोट भरेल तसा तो भरून येईल. दुखण्याचं नाव चुकलं की औषध चुकतं, बाबा."

ते आत्यांकडे वळले आणि किंचित हसले. "पण म्हणून उद्यापासून गावातल्या पोरापोराच्या तोंडात बोट घालायला धावू नका. प्रत्येक बांध सोडायचा नसतो. दौलूचा तसाच आहे. भाकरी खातो, मळा राखतो, बायको चांगली मिळाली. वेल लव्हाळ्याच्या गवतानं बांधता, ते आवळून बसलं तरच सोडता ना? वेल वर चढत असली तर त्याला हात लावत नाही. लेकरू उपाशी राहत असेल तर तोंडात बघायचं, आणि तेही जाणत्या हातानं."

सगळ्यांना वाटलं, आत्या आता पाया पडतील. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या, गार दाभण अजून मुठीत. त्या पाया पडल्या नाहीत. त्या भांडल्यासारख्या म्हणाल्या, "मग मुंगी का मेली?"

"आत्याबाई..." भिवरा म्हणाली.

"तू गप! मुंगी मेली का न्हाई? चौघींनी बघितलं. दूध चांगलं हुतं, तर मुंगी का मेली, सांगा!"

महाराजांनी शांतपणे पाण्याची वाटी पुढे सरकवली. "यात सोडा."

आत्या वाटीकडे बघत राहिल्या. "पान्यात... पान्यात बी मरंल."

"मग पाणी विषारी का?"

आत्यांच्या हातातून दाभण पडली. त्या भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली बसल्या.

महाराजांचा आवाज फार मऊ झाला. "तुमच्या वेळी वाटी कुणी आणली होती, बाई?"

आत्यांना मूल झालं होतं हे सोनवेलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. दौलूलाही नव्हतं.

"सासूनं," आत्या म्हणाल्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. "मला म्हायेरी धाडलंच न्हाई, तितंच ल्योक झाला हुता. आसाच... आसाच टक् टक् करायचा. त्यांनी वाटी आनली, मुंगी मेली. मग माझ्यापास्नं काढून घेतला त्याला. मी छाती बांधून कोपऱ्यात पडलेली, आन तो पल्याडच्या खोलीत रडायचा. बारशाआधीच रडायचा थांबला. मला म्हनाले, तू इखारी बाई, लेकराला खाल्लंस. मी म्हनलं, असंल. इतकी वर्सं म्हनतीय, असंल." त्यांनी वर पाहिलं. त्या कडक चेहऱ्यावर भिवरानं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "महाराज, माझं दूध... माझं दूध चांगलं हुतं?"

"चांगलं होतं, बाई. अमृत होतं. त्याला तुम्ही मारलं नाहीत. तो भुकेला होता, आणि तुमच्याकडेच यायला बघत होता."

आत्यांनी पदर तोंडात कोंबला. पण इतक्या वर्षांचं रडू पदरानं थोडंच अडणार! भिवरा बाळाला घेऊन तशीच सरकत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांना टेकून बसली.

निघताना महाराज दारात थांबले. "बारसं करा थाटानं. दौलूला बहीण नाही, तेव्हा आत्याचा मान तुमचाच. बाळाच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं."

"कोनतं सांगू?"

"तुम्ही ठरवलं होतंत ना एक. मनात."

आत्या दचकल्या. ते नाव त्यांनी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, नवऱ्यापुढेही नाही. महाराजांनी ते विचारलं नाही. कडुनिंबाचा डहाळा पुन्हा नीट अडकवून ते पाटाच्या वाटेला लागले.

बारसं झालं. बाळाच्या गालांवर तोवर गोलाई आली होती, टाळू भरली होती. बायकांनी पाळणा म्हटला, आत्या वाकल्या, बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. पाठीत धपाटे घालायला टपलेल्या बायकाही थांबल्या. मग आत्यांनी डोकं वर केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "श्रीपती."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांची भाकरी भिवरानं नेली नाही. हौसाआत्या घेऊन निघाल्या, अनवाणी, डोक्यावरून पदर घेऊन. पारावरची माणसं बघत राहिली, पण नक्कल करायची हिंमत कुणाला झाली नाही. उंबराखाली आल्यावर आत्यांनी भाकरी खाली ठेवली. येताना त्यांनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. आपण काय काय म्हणालो, किती हसलो, सगळं पोटात घाला म्हणायचं होतं. त्यातलं काही आठवेना.

"काय म्हणता, बाई?" महाराजांनी विचारलं.

"सांगाया आले हुते," आत्या म्हणाल्या. "श्रीपती दूध प्याला, महाराज. प्वॉट भरून प्याला."

आणि त्यांनी महाराजांच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि त्या उठेपर्यंत काढला नाही.

अंबुनाथ महाराजांची ही कथा ज्याच्या कानी पडेल, त्याच्या घरचं लेकरू उपाशी न निजो, आणि त्याच्या घरच्या माउलीला खोटा दोष न लागो, एवढंच महाराजांच्या चरणी मागणं.